लेसोथो : चहूबाजूंनी एकच शेजारी

माणदेशी

राम राम मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी भर संसदेत 'ज्याचं नाव कुणीच ऐकलेलं नाही असा देश' म्हणून लेसोथोची टर उडवली. तेव्हा इथल्याच एका धाग्यावर कुणीतरी "असा देश खरंच आहे का हो?" असं विचारलं होतं. आहे. मी चार वर्षं ब्लूमफाँटेनला असतो, सोलर पंपांच्या धंद्यात. लेसोथोची राजधानी मसेरू इथून गाडीने दोन तासांच्या आत. महिन्यातून एकदोनदा नदीवरचा पूल ओलांडून जावंच लागतं.

आधी नावाचा घोळ मिटवू. लिहायचं लेसोथो, बोलायचं 'लेसूतू'. देश लेसोथो, भाषा सेसोथो, एक माणूस असेल तर मोसोथो, अनेक असतील तर बासोथो. पहिल्या वर्षी मी आमच्या गिऱ्हाइकाच्या कचेरीतल्या बाईंना "तुम्ही बासोथो ना?" म्हटलं, तर त्यांनी मागे वळून बघितलं आणि म्हणाल्या, "मी तर एकटीच उभी आहे, बाकीचे कुठायत?"

आकार ३०,३५५ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा जवळजवळ दहावा हिस्सा. पुणे आणि सोलापूर हे दोन जिल्हे जोडले की झाला लेसोथो. माणसं मात्र वीस लाखांच्या आसपास, एकट्या पुणे जिल्ह्यात २०११ लाच ९४ लाख होती. समुद्र नाहीच, आणि कुठूनही बाहेर पडलात तरी पाऊल दक्षिण आफ्रिकेतच पडणार. एकाच देशाने पूर्ण वेढलेले देश जगात तीन. उरलेले दोन (व्हॅटिकन आणि सान मारिनो) इटलीच्या पोटात आहेत, पण ते तालुक्याएवढेही नाहीत.

उंचीचं ऐकाल तर चक्रावाल. देशातली सगळ्यात खालची जागा समुद्रसपाटीपासून १,४०० मीटरवर. सबंध देश हजार मीटरच्या वर असलेला जगात हा एकच. महाबळेश्वर तिथे नेऊन ठेवलं तर तळघरात जाईल. मसेरू साधारण कळसूबाईच्या उंचीवर, आणि त्याला हे लोक 'सखल भाग' म्हणतात. सगळ्यात उंच शिखर थाबाना न्तलेन्याना, ३,४८२ मीटर. नावाचा अर्थ 'सुंदरशी छोटी टेकडी'. आफ्रिकेच्या अख्ख्या दक्षिण टोकातलं सर्वोच्च शिखर आणि त्याला टेकडी म्हणायचं, ह्याला म्हणतात तोरा.

मी माण तालुक्यातला. आमच्याकडे मेंढरं, घोंगडी आणि टँकर ह्या तीन गोष्टींवर आयुष्य जातं. त्यामुळे लेसोथोत गेलो की मला उगीच गावाकडे आल्यासारखं वाटतं. घोड्यावर बसलेला मेंढपाळ पोरगा, अंगावर जाड लोकरी ब्लँकेट, डोक्यापासून पोटरीपर्यंत झाकलेला, नुसते डोळे दिसतात. हे ब्लँकेट म्हणजे बासोथोंची ओळख. पट्टे नेहमी उभे यायला हवेत, उभा पट्टा म्हणजे वाढ, भरभराट. मक्याच्या कणसाची नक्षी सगळ्यात लाडकी. लग्नात ब्लँकेट, बाळंतपणात ब्लँकेट, राजाच्या अंगावरही तेच.

आता गंमत बघा. हे ब्लँकेट लेसोथोत बनत नाही. पूर्वी इंग्लंडमधून यायचं, आता दक्षिण आफ्रिकेतल्या गिरणीतून येतं. लेसोथोच्या मेंढ्यांची लोकर आणि अंगोरा शेळ्यांचं मोहेर दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर लिलावाला जात आलं आहे. मोहेरमध्ये हा देश जगात आघाडीवर आहे बरं का. म्हणजे लोकर उतरणीने खाली जाते आणि घोंगडी होऊन विकत वर येते. ह्या देशात पाणी, माणसं, हिरे, कापड सगळ्याचं हेच होतं असं माझं निरीक्षण आहे. एकेकावर लिहितो, पण आधी जाणकारांनी भर घालावी.

खडकवाचक

मस्त धागा, वाचनखूण साठवली.

माणदेशीभाऊ, तुम्हाला गावाकडे आल्यासारखं वाटतं त्याला मेंढरांखेरीज आणखी एक कारण आहे. पायाखालचा दगड तोच आहे, बेसाल्ट. आपला दख्खनचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तर तिकडच्या ड्रॅकेन्सबर्ग-मालोटी डोंगरांचा साधारण अठरा कोटी वर्षांपूर्वीचा. थरावर थर, पायऱ्या-पायऱ्यांचे कडे, माथ्यावर सपाटी. फोटो दाखवला तर नाशिकचा की लेसोथोचा असं क्षणभर फसायला होईल (हिरवळीच्या दिवसात, आणि बर्फ नसताना).

फरक एवढाच की तिकडे बेसाल्टच्या खाली पिवळसर वालुकाश्म आहे आणि पश्चिमेच्या सखल भागात तो उघडा पडलाय. त्यात पोकळ्या, कपाऱ्या होतात. तिथल्या मूळच्या शिकारी सान लोकांची चित्रं त्या कपाऱ्यांत आहेत. 'हा कोमे' नावाच्या गावी अशाच कपारीत मातीने लिंपलेली घरं आहेत, एकोणिसाव्या शतकातल्या धामधुमीत माणसं लपायला आली ती तिथंच राहिली.

दुसरी गोष्ट माती. त्या वालुकाश्मावरची माती फार भुसभुशीत. ओघळीची घळ व्हायला दोन पावसाळे पुरतात. पिकाखाली येणारी जमीन देशाच्या दहाव्या हिश्शाएवढीच, आणि तीही अशी वाहून जाते.

माणदेशी

@खडकवाचक, अगदी. तिकडे ह्या घळींना 'डोंगा' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं डोंगर म्हणतायत, आणि निघाला खड्डा! माझ्या यादीत आता मातीही घालतो. तीसुद्धा नदीतून दक्षिण आफ्रिकेतच जाते.

टवाळखोर

एक बाळबोध प्रश्न. चारी बाजूंनी आफ्रिका, चलन आफ्रिकेचं चालतं, नोकऱ्या आफ्रिकेत. मग हे वेगळे राहिलेच कसे? विलीन होऊन का टाकत नाहीत?

इतिहासवेडी

@टवाळखोर, प्रश्न बाळबोध नाही. उत्तर एका माणसात आहे. मोशोएशोए (उच्चार 'मोश्वेश्वे'). जन्म १७८६ च्या सुमाराचा, मूळ नाव लेपोको. तरुणपणी कुणाची तरी गुरं अलगद पळवून आणली आणि आपण त्याची दाढी साफ भादरली अशी बढाई मारली. वस्तरा फिरतो त्याचा आवाज श्वे-श्वे. तेच नाव पडलं.

१८२० च्या दशकात त्या सगळ्या प्रदेशात लढाया, दुष्काळ, पळापळ. १८२४ मध्ये हा आपली माणसं घेऊन थाबा बोसिऊ नावाच्या डोंगरावर आला. नावाचा अर्थ 'रात्रीचा डोंगर'. सपाट माथा, वर पाण्याचे झरे, गुरांना कुरण, चढायला मोजक्या वाटा आणि वरून लोटायला दगड. बाकीचं मराठी माणसाला सांगायला नको.

त्या वाटेतच त्याच्या आजोबांना नरभक्षकांच्या टोळीने पकडून खाल्लं. पुढे ते लोक हाती लागले तेव्हा त्याने त्यांना मारलं नाही. माझ्या आजोबांची कबर ह्यांच्या पोटात आहे आणि कबरीला धक्का लावायचा नसतो, असं म्हणून त्यांना गुरं देऊन वसवलं. १८३१ मध्ये न्डेबेले सैन्याने डोंगराला वेढा घातला, हरले आणि माघारी निघाले, तर ह्याने त्यांच्या मागे गुरं पाठवली, उपाशी जाऊ नका म्हणून. १८५२ मध्ये इंग्रजांना बेरिआच्या लढाईत थोपवलं आणि त्याच रात्री त्यांच्या सेनापतीला तहाचं नम्र पत्र धाडलं. पाहुण्याला तोंड लपवायला जागा दिली की तो पुन्हा येत नाही, हे त्याला कळत होतं.

बोअर लोकांशी (डच वंशाच्या गोऱ्या वसाहतकऱ्यांशी) मात्र हे चाललं नाही. १८५८ आणि १८६५ च्या युद्धांत थाबा बोसिऊ पडला नाही, पण खालची शेतं गेली. शेवटी १८६८ मध्ये त्याने स्वतः इंग्रजांचं संरक्षण मागून घेतलं. माझा देश ही राणीची घोंगडी आणि माझी माणसं तिच्यातल्या उवा, असं तो म्हणाला असं सांगतात. घोंगडी राहिली, पण कॅलेडन नदीच्या पलीकडची सुपीक जमीन १८६९ च्या तहात कायमची बोअरांच्या ऑरेंज फ्री स्टेट राज्याकडे गेली. माणदेशी मसेरूला जाताना ओलांडतात ती हीच.

आणि विलीन न होण्याचं कारण म्हणजे १९१० मध्ये दक्षिण आफ्रिका एक झाली तेव्हा हा भाग इंग्रजांच्या थेट ताब्यात राहिला. त्याआधी केप वसाहतीकडे काही वर्षं होता, पण १८८० मध्ये त्यांनी बासोथोंच्या बंदुका काढून घ्यायचा घाट घातला, लोक उठले, आणि १८८४ मध्ये केपवाल्यांनी कंटाळून तो लंडनला परत केला. ४ ऑक्टोबर १९६६ ला स्वातंत्र्य. तेव्हा विलीन झाले असते तर वर्णभेदाखाली गेले असते. कोण जाणार?

टवाळखोर

दंडवत स्वीकारा ताई. 🙏 मोशोएशोए म्हणजे तिकडचे शिवाजी महाराजच की.

सरळरेघ

प्रत्येक डोंगरावर महाराज शोधायलाच हवेत का? ह्या माणसाची ताकद वेगळी होती. त्याने राज्य वाढवलं ते निर्वासितांना आसरा देऊन. ज्याला गुरं नाहीत त्याला गुरं सांभाळायला द्यायची, दूध तू पी, वासरं माझी. आपल्याकडच्या अर्धेलीसारखं. तुलना करायचीच तर तिच्याशी करा.

इतिहासवेडी

@सरळरेघ, त्या पद्धतीला 'माफिसा' म्हणतात, बरोबर. पण डोंगरी किल्ल्याची तुलना मला फारशी खटकत नाही. चढणाऱ्याचा दम आणि वरच्याचा दगड, दोन्हीकडे सारखेच. इथंच थांबू, नाहीतर धाग्याचा आखाडा होईल.

निवृत्त उपअभियंता

माणदेशी साहेब, पाण्याचं तुम्ही पुढे लिहिणार म्हणालात, पण मला राहवत नाही. आमची उमर धरणांत गेली.

लेसोथो हायलँड्स वॉटर प्रोजेक्ट. करार २४ ऑक्टोबर १९८६. कात्से धरण १८५ मीटर उंच, दुहेरी वक्रतेची काँक्रीट कमान. कोयनेची भिंत १०३ मीटर, म्हणजे अंदाज घ्या. साठा साधारण १,९५० दशलक्ष घनमीटर, आपल्या भाषेत ६९ टीएमसी. सेंकू नदी, जिला खाली गेल्यावर ऑरेंज म्हणतात, ती दक्षिणेकडे वाहत जाते आणि शेवटी अटलांटिकला मिळते. तिच्या उपनद्यांचं पाणी अडवून कात्सेपासून मुएलापर्यंत ४५ किलोमीटर बोगदा, तिथे ७२ मेगावॅट वीज, पुढे आणखी ३७ किलोमीटर बोगद्यातून उत्तरेला दक्षिण आफ्रिकेत, ॲश नदीत. तिथून व्हाल धरण आणि मग जोहान्सबर्ग. सगळं गुरुत्वाकर्षणाने, एकही पंप नाही! (माणदेशींच्या धंद्याला वाव नाही, क्षमस्व.) पहिल्या टप्प्याचं पाणी वर्षाला ७८० दशलक्ष घनमीटर, म्हणजे साडेसत्तावीस टीएमसी. खडकवासला साखळीतली चारही धरणं तुडुंब भरली की जेवढं होतं, जवळपास तेवढं दर वर्षी.

मोबदल्याचं सूत्र मला फार हुशारीचं वाटतं. दक्षिण आफ्रिकेने हेच पाणी आपल्या हद्दीत ऑरेंज नदीतून उपसून वर चढवलं असतं तर किती खर्च आला असता, ते काढलं. लेसोथोमार्गे किती कमी लागतो, ते काढलं. वाचलेल्या पैशाचे ५६ टक्के लेसोथोला, ४४ टक्के आफ्रिकेला. महाराष्ट्र-कर्नाटक-आंध्रात लवादामागून लवाद बसले, असा हिशेब मांडताना कुणी दिसलं नाही.

आता कोयनेच्या माणसाला आठवल्याशिवाय राहणार नाही अशी गोष्ट. १९९५ मध्ये कात्सेत पाणी साठायला लागलं आणि १९९६ च्या सुरुवातीला काठावरच्या मापेलेंग गावात जमीन हादरू लागली. डोंगराला लांबलचक भेग पडली, काही घरं हलवावी लागली. जलाशयामुळे भूकंप हा विषय निघाला की जगभर पहिलं नाव कोयनेचं निघतं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मी पाटणला मामाकडे होतो, आठ वर्षांचा. कात्सेचे धक्के त्या मानाने किरकोळ, पण मापेलेंगच्या म्हाताऱ्या रात्री अंगणात झोपल्या असतील तर ते मला सांगावं लागणार नाही.

माणदेशी

उपअभियंता साहेब, साष्टांग. एवढं नेटकं मला जमलं नसतं.

५६-४४ बद्दल मात्र जरा थांबतो. कराराची तारीख बघा. १ जानेवारी १९८६ ला दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदी सरकारने लेसोथोची नाकेबंदी केली, कारण लेसोथो एएनसीच्या (वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या) लोकांना आसरा देत होता. (त्याआधी १९८२ च्या डिसेंबरात त्यांच्या सैन्याने मसेरूत रात्री घुसून ४२ माणसं मारली होती.) डिझेल नाही, पीठ नाही. २० जानेवारीला मसेरूत लष्कराने सरकार उलथवलं. आणि ऑक्टोबरात पाण्यावर सह्या. चर्चा आधीपासून चालू होत्या हे खरं, पण हिशेब कितीही नीट असला तरी नरड्यावर हात असताना केलेला आहे.

१९९८ मध्ये निवडणुकीवरून मसेरूत गोंधळ झाला, दक्षिण आफ्रिकेचं सैन्य शांतता राखायला म्हणून आलं, आणि पहिल्याच दिवशी गेलं कुठं तर राजवाड्याकडे आणि कात्से धरणावर. धरणावर लेसोथोचे सैनिक मारले गेले. मसेरूचा बाजार जळाला तो वेगळाच.

धरणात घरं गेली ती काहीशे, पण शेतं आणि कुरणं गेलेले हजारोंनी. त्यांना गेलेल्या शेतापोटी वर्षाला मका आणि कडधान्य पोत्यांनी मिळतं. मी कात्सेच्या वरच्या एका वस्तीवर पंप बसवायला गेलो होतो. हो साहेब, धरणाच्या डोक्यावर पंप! खाली डोळे भरून पाणी आणि वर बायका झऱ्यावर बादल्यांची रांग लावून. आमच्या माणला उरमोडीचं पाणी यायच्या आधी असंच होतं, फक्त आम्हाला खाली धरण दिसत नव्हतं. खुद्द मसेरूला भरवशाचं पाणी मिळालं ते २०१५ च्या सुमाराला मेतोलोंग धरण झाल्यावर.

सरळरेघ

लाचखोरीचं राहिलं. प्रकल्पाच्या मुख्याधिकाऱ्याला, मसुफा सोले ह्यांना, २००२ मध्ये लेसोथोच्या न्यायालयाने तुरुंगात धाडलं. विशेष म्हणजे नुसता घेणारा नाही, देणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही दोषी धरलं, कॅनडाची ॲक्रेस आणि जर्मनीची लाहमायर. एवढ्याशा देशाने बड्या कंपन्यांना आपल्या कोर्टात उभं करून दंड ठोकला. नंतर जागतिक बँकेनेही दोघींना काळ्या यादीत टाकलं. आपल्याकडे सिंचनाच्या फायली कुठल्या कपाटात आहेत ते उपअभियंता साहेब सांगतीलच. 😀

निवृत्त उपअभियंता

मी पेन्शनर माणूस आहे. पुढचा प्रतिसाद घ्या.

लालबागची

माणसंही उतरणीने खाली जातात म्हणालात ते वाचून आलेच. माझे सासरे गिरणीत होते, गाव देवरुखजवळ. घरात बायका, म्हातारी आणि मनीऑर्डर. लेसोथोचं असंच होतं ना? खाणींचं?

माणदेशी

ताई, तंतोतंत. फक्त तुमच्याकडे मुंबई आणि त्यांच्याकडे जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणी. १९८० च्या दशकाच्या शेवटी लाखावर बासोथो पुरुष तिकडे खाणीत होते, देशाची लोकसंख्या तेव्हा वीस लाखांच्याही आत. घरटी एक म्हणायला हरकत नाही. चाकरमानी गणपती-शिमग्याला येतो तसे हे नाताळला आणि ईस्टरला यायचे. पगाराचा मोठा भाग कायद्यानेच मसेरूच्या बँकेत जमा व्हायचा, गावी गेल्यावरच काढता यायचा, म्हणजे जोहान्सबर्गात उडवायला नको. त्या पैशातून गुरं यायची, गुरांतून बोहाली, म्हणजे मुलीच्या घरच्यांना द्यायचं देज. गुरं म्हणजे बँक, पासबुक आणि प्रतिष्ठा.

नंतर सोन्याचा भाव पडला, खाणी खोल गेल्या, कपात झाली. पुरुष परत आले ते खोकत. सिलिकोसिस, क्षय. खाणकामगारांनी कंपन्यांवर सामुदायिक दावा लावला, २०१९ मध्ये न्यायालयाने तडजोड मान्य केली, किमान पाच अब्ज रँडची. त्यातले पुष्कळ दावेदार लेसोथोच्या डोंगरात आहेत, आणि कित्येकांच्या आता विधवाच उरल्यात. त्यात एचआयव्ही. मोठ्या माणसांत जवळजवळ पाचातल्या एकाला. एका गावात मी पंपाच्या पावतीवर सही घ्यायला घरमालक शोधत होतो, सलग चार घरांत सही आजीची झाली.

एक उलटी गोष्टही आहे. इथे बाया पुरुषांपेक्षा जास्त शिकलेल्या. मुलगे लहानपणीच मेंढरांमागे डोंगरात जातात, महिनोन्महिने, थंडीत बर्फातसुद्धा. मुली शाळेत जातात. बँकेत, कचेरीत, दुकानात बायाच दिसतील.

शिवणटिपण

मी तिरुपूरला मर्चंडायझर आहे, कापडाचं मी सांगते.

लेसोथोतल्या कपड्यांच्या कारखान्यांत कामगार बहुतेक बायकाच. तुमची जीन्स अमेरिकेच्या मॉलमध्ये घेतलेली असेल तर आतल्या चिठ्ठीवर 'मेड इन लेसोथो' असूही शकेल. कारण २००० साली अमेरिकेने आफ्रिकी देशांसाठी 'अगोआ' कायदा केला, त्यांचा माल जकातमुक्त. तैवानी आणि चिनी मालक आले, शेड उभ्या राहिल्या, चाळीस हजारांच्या वर नोकऱ्या झाल्या. एवढ्याशा देशात सरकारखालोखाल मोठा मालक म्हणजे हा धंदा. पण कापड बाहेरचं, सुताची नाडी बाहेरच्यांच्या हातात, डिझाईन बाहेरचं. लेसोथोची फक्त शिलाई.

म्हणून धक्का बसला की सगळं एकदम कोसळतं. २००५ च्या जानेवारीत जगातली कापडाच्या आयातीवरची कोटा पद्धत संपली, तेव्हा काही मालक सुट्टीला म्हणून गेले ते आलेच नाहीत. आणि २ एप्रिल २०२५ ला अमेरिकेने जो टेरिफचा तक्ता दाखवला त्यात लेसोथोवर ५० टक्के! सगळ्या यादीत सर्वात वरचे. सूत्र असं होतं की तुम्ही आम्हाला किती विकता आणि आमच्याकडून किती घेता. अहो, ते जीन्स विकतात, पण घेणार काय? विमानं? ऑगस्टमध्ये ते १५ टक्क्यांवर आलं, पण तोपर्यंत ऑर्डरी केनियाकडे आणि इतरत्र वळल्या. जुलैमध्ये तिथल्या सरकारला बेरोजगारीसाठी राष्ट्रीय आपत्ती जाहीर करावी लागली. सप्टेंबरअखेर अगोआची मुदतही संपली. आमच्या ऑफिसात एप्रिलच्या त्या आठवड्यात आनंदच होता खरं सांगायचं तर, काम आमच्याकडे येईल म्हणून. मग ऑगस्टअखेर आमच्यावरच ५० टक्के लागले आणि पेढे परत ठेवले.

टवाळखोर

@शिवणटिपण 😂 पेढ्यांचं मनाला लागलं.

पण मग सरकार चालतं कशावर? कर कोण देतं?

माणदेशी

जकातीवर. दक्षिण आफ्रिका, बोत्स्वाना, नामिबिया, एस्वातिनी आणि लेसोथो ह्यांचा १९१० पासूनचा जकात संघ आहे. सगळ्यांच्या सीमेवरची जकात एका डब्यात, मग वाटणी. लेसोथोच्या सरकारी उत्पन्नाचा फार मोठा भाग तिथून येतो. त्यामुळे डर्बनच्या बंदरात माल कमी उतरला की दोन वर्षांनी मसेरूतल्या मास्तरांचा पगार रखडण्याची भीती.

चलनाचंही तसंच. १९८० पासून स्वतःचं 'लोटी' आहे, अनेकवचन 'मालोटी', डोंगरांचं नाव. एक लोटी बरोबर एक रँड. मसेरूत रँड कुठंही चालतो, पण ब्लूमफाँटेनच्या पेट्रोल पंपावर लोटी दिली तर पोरगं हसतं. माझ्या गाडीच्या कप्प्यात नेहमी शे-दोनशे मालोटी अडकून पडलेल्या असतात.

हिऱ्यांचं दोन ओळीत. लेत्सेंगची खाण ३,१०० मीटरवर, जगातल्या सर्वात उंच खाणींपैकी. शंभर टन दगड फोडला तर दोन कॅरटसुद्धा मिळत नाही, पण मिळतात ते मोठे. २०१८ च्या जानेवारीत ९१० कॅरटचा सापडला, चार कोटी डॉलरला गेला. खाणीत सरकारचा वाटा ३० टक्के, ७० परदेशी कंपनीचा. पैलू पडतात ते परदेशात, हे आता वेगळं सांगत नाही.

डर्बनकर

वाचतोय. एक मराठी दुवा माझ्याकडून. उत्तरेला बुथा-बुथे गावात जुनी भारतीय दुकानदार घराणी आहेत, बहुतेक गुजराती मुसलमान. ऑरेंज फ्री स्टेटने १८९१ मध्ये भारतीयांना राहायची बंदी केली, ती पार १९८६ पर्यंत टिकली. म्हणजे लेसोथोतला भारतीय दुकानदार नदीपलीकडच्या गोऱ्यांच्या गावात रात्री मुक्कामही करू शकत नव्हता. आमच्या डर्बनचे जुने संत सूफीसाहेब ह्यांनी ज्या मशिदी उभारल्या त्यांत बुथा-बुथेचंही नाव आहे, आणि सूफीसाहेब मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. लेसोथोच्या सैन्याला शिकवायला आपल्या लष्कराचं पथक २००१ पासून जातं, त्यात मराठी अधिकारीही असणारच.

माणदेशी, आमच्याकडच्या फ्री स्टेटवर ते लोक अजून हक्क सांगतात ना?

माणदेशी

सांगतात तर. २०२३ मध्ये तिथल्या एका खासदाराने संसदेत ठरावच आणला होता, अख्खा फ्री स्टेट परत घ्या म्हणून. मसेरूच्या टपरीवर हा विषय निघाला की मी चहा संपवून उठतो, माझं भाड्याचं घर त्या जमिनीवर आहे.

राजकारणाबद्दल जास्त लिहीत नाही. राजा आहे, तिसरा लेत्सिए, पण अधिकार नामधारी. १९९८ च्या जाळपोळीनंतर मतांच्या प्रमाणात जागा देणारी मिश्र पद्धत आणली, ८० मतदारसंघ आणि ४० यादीतून. त्यामुळे छोटे पक्ष बोकाळले आणि सरकारं पडत राहिली. ऑक्टोबर २०२२ पासून पंतप्रधान सॅम मटेकाने, ठेकेदारीतून मोठे झालेले. पक्ष काढून सात महिन्यांत निवडणूक जिंकली.

लालबागची

खाण्यापिण्याचं कुणीच काही लिहिलं नाही. पुरुषांचा धागा!

माणदेशी

ताई, चूक झाली. रोजचं जेवण 'पापा', मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि 'मोरोहो' म्हणजे चिरून शिजवलेला पाला. हाताने मोडून खायचं. पहिल्या दिवशी मी खिशातून शेंगदाण्याची चटणी काढली तर सगळ्या टेबलाने मागितली.

आणि 'मोतोहो'. ज्वारीचं पीठ आंबवून केलेलं पातळ, आंबटसर पेय. पहिला घोट घेतला आणि थबकलो. अहो, आंबील! ताक आणि लसूण नाही एवढंच. माझी आई व्हिडिओ कॉलवर बघून म्हणाली, "हे तिकडं कुणी शिकवलं?" ज्वारी मुळात आफ्रिकेची, तेव्हा प्रश्न उलटा विचारायला हवा.

त्याच ज्वारीची 'जोआला' ही घरगुती बिअरही होते. ज्या घरी तयार असेल तिथे काठीला पांढरं फडकं लावतात. हिरवं असेल तर भाजी, लाल म्हणजे मटण. पाटी लिहायची गरज नाही, घोड्यावरून लांबूनच कळतं.

भटक्या७

माझ्या उपयोगाचं आत्ता आलं. जूनमध्ये डर्बनला लग्नाला जातोय. सानी पास करून सेमोंकोंगचा धबधबा बघून परत, असं दोन दिवसांत होईल का? भाड्याची छोटी हॅचबॅक आहे.

माणदेशी

@भटक्या७, नाही. सानी पासचा आफ्रिकेकडचा घाट फोर बाय फोरशिवाय चढूच देत नाहीत, खालच्या चौकीवरूनच परत पाठवतात. वर २,८७६ मीटर, जूनमध्ये बर्फ आणि रस्त्यावर काचेसारखं गोठलेलं पाणी. धबधबा (मालेत्सुन्याने, १९२ मीटरची एकच उडी) तिथून नकाशावर जवळ दिसतो, पण मधे सगळे डोंगर आडवे आहेत, एका दिवसाचा प्रवास धरा. मसेरूकडून गेलात तर डांबरी रस्ता आहे आणि तुमची हॅचबॅक चालेल. भाड्याच्या गाडीला सीमा ओलांडायचं कंपनीचं पत्र आधीच मागून घ्या, चौकीवर पोचून फोन लावत बसू नका. पहाटे सेमोंकोंगला उणे तापमान असतं, स्वेटरवर भागणार नाही. मसेरूत उतरल्यावर आधी ब्लँकेट घ्या. पट्टे उभे.